टबातला राष्ट्रपती आणि दाराआडचा हात

दोस्तांनो, टबातल्या राष्ट्रपतीचं ते व्यंगचित्र तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलं असेल. अबू अब्राहमनं काढलेलं, १० डिसेंबर १९७५ च्या इंडियन एक्सप्रेसमध्ये आलेलं. राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद टबात बसलेत. न्हाणीघराचं दार अर्धवट उघडं, त्यातून एक हात आत आलाय. सही केलेला कागद त्या हातात देताना ते म्हणतात, आणखी अध्यादेश असतील तर जरा थांबायला सांगा.

मी तेव्हा नागसेनवनात शिकत होतो. राष्ट्रपती म्हटलं की आम्हाला आधी कोनशिलाच आठवायची. १ सप्टेंबर १९५१ ला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते मिलिंदची पायाभरणी झाली, ती बाबासाहेबांनीच घडवून आणलेली. त्याच पदावरचा माणूस उघडाबंब! मुंबईहून आलेल्या एका दोस्तानं ते कात्रण वहीत लपवून आणलं होतं, ते पाहून आम्ही पोट धरून हसलो. दोनच दिवस आधी, ८ डिसेंबरला, वृत्तपत्रांचं तोंड बांधणारे अध्यादेश निघाले होते. शंकर्स वीकली तर ऑगस्टअखेरच बंद पडलेलं. (शंकरच्या त्या गोगलगायीवर आपण पुष्कळ भांडलोय, ते आज नको.)

हसला नाही तो माझा मामा. मामा परळला एका गिरणीत कताई खात्यात होता. एके काळी विणकाम खात्यात आपल्या माणसाला पाऊल ठेवू देत नव्हते. धागा तोंडानं ओढावा लागायचा, म्हणून विटाळ. गिरणी संपाच्या काळात बाबासाहेबांनी हे चव्हाट्यावर आणलं. तर मामानं चित्र उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, "ह्यातला आमच्या बोनसचा कागद कुठला रे?"

आम्ही गप्प. आम्हाला ठाऊकच नव्हतं. २५ सप्टेंबर १९७५ ला निघालेल्या अध्यादेशानं किमान बोनस ८.३३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आणला होता. ८.३३ म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, सरळ एक महिन्याचा पगार. तो निम्म्याहून खाली. संप करायची सोय नाही, कारण आणीबाणी. दिवाळी तोंडावर. आम्ही लेखनस्वातंत्र्य लेखनस्वातंत्र्य करत होतो आणि मामाच्या घरात त्या सहीनं कधीच हात घातला होता.

पण आता दुसरी बाजूही मांडायला हवी, नाहीतर आपण लबाड ठरू. त्याच राष्ट्रपतीनं, त्याच घाईत, ऑक्टोबर १९७५ मध्ये वेठबिगारी रद्द करणाऱ्या अध्यादेशावर सही केली. स्त्री-पुरुषांना समान मजुरी देणाराही अध्यादेश त्याच वर्षीचा. सालगड्यांची पोरं आम्ही, त्या कागदाला हसायचं कसं? टबातून काय काय बाहेर गेलं ते चित्रात दिसत नाही. कागद सगळे सारखेच दिसतात.

आणि दाराआडचा हात कुणाचा? दिल्लीच्या वाचकाला तो पंतप्रधानांच्या माणसाचा वाटला. मामाला त्यामागे गिरणीमालक दिसला. खुद्द अबू १९७२ पासून राज्यसभेत राष्ट्रपतिनियुक्त खासदार होता, तरी त्यानं हे काढलं, त्याबद्दल त्याला दाद द्यायलाच पाहिजे. पेपर रामनाथ गोएंकांचा. तेही उद्योगपतीच, पण आणीबाणीशी झुंजले, हे नाकारून चालणार नाही. तरी राष्ट्रपतीला नागडं करणारी शाई शेठला कितीदा नागडं करते? १९४३ साली पुण्यात रानड्यांवर बोलताना बाबासाहेबांनी वृत्तपत्रं धंदा होऊन बसलीत, असं स्पष्ट सुनावलं होतं.

अमेरिकेत शेठला उघडं पाडणारी चित्रं आधीपासून होती. न्यूयॉर्कच्या 'पक' साप्ताहिकात १८८९ साली जोसेफ केप्लरनं सिनेट रंगवलं. पैशाच्या थैल्यांसारखे पोटाळलेले मक्तेदार मागे उभे, पुढे चिमुकले सिनेटर, आणि लोकांसाठीचं दार कुलूपबंद. पुढे १९०६ ला त्याच 'पक'मध्ये अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट बाळ हर्क्युलिस झाला आणि त्यानं तेलसम्राट रॉकफेलरच्या तोंडाचा साप मुठीत धरला. झकास चित्र. १९११ ला कोर्टानं स्टँडर्ड ऑईल फोडली. दोन वर्षांनी बाबासाहेब त्याच शहरात शिकायला उतरले.

पण त्या बाळ हर्क्युलिसनं त्याच १९०६ साली काय केलं? टेक्सासमधल्या ब्राऊन्सव्हिलच्या गोळीबाराचं निमित्त करून १६७ काळ्या सैनिकांना खटला न चालवता लष्करातून हाकललं. आणि १९०४ च्या निवडणुकीत त्याच्याच पक्षाला बड्या शेठांनी पैसा पुरवला होता. सैनिकांवरचा तो डाग लष्करानं पुसला १९७२ ला, म्हणजे आपल्याकडे पँथर उभी राहिली त्या वर्षी. तोवर बहुतेक जण मरून गेले होते.

मार्च १९७७ ला आणीबाणी उठली. फक्रुद्दीनसाहेब फेब्रुवारीतच वारले होते. आम्ही आमच्या अंकात ते चित्र घ्यायचं ठरवलं, फक्त दाराआड आणखी एक हात घालायचा, अंगठीवाला. स्टेन्सिलवर टोचणीनं गोल रेघ काढणं म्हणजे काय ते ज्यानं केलंय त्यालाच कळेल. टबाच्या काठावर मेण फाटलं आणि शाई भळाभळा खाली उतरली. दुसऱ्या स्टेन्सिलला पैसे नव्हते, तसाच अंक काढला. गावी मामाला एक प्रत दिली. त्यानं काळ्या डागावर बोट ठेवून विचारलं, "हा तिसरा कोण?"