मुंबई बंदरातील तियात्र व त्याचे हौशी नट

सणाच्या दिवशी पॅरिशमध्ये लहानसे नाटक व्हावे, ही आपल्या ख्रिस्ती समाजाची जुनी हौस होय. इंग्रजी अमदानीत मुंबईचे गव्हर्नर उन्हाळ्यात महाबळेश्वरी मुक्कामास येत. तेव्हापासून आमच्या ह्या डोंगराचा व मुंबई बंदराचा संबंध जडलेला आहे. त्या बंदरात जन्मलेल्या एका ख्रिस्ती रंगभूमीचे, म्हणजे कोंकणी तियात्राचे, ह्या ज्युबिलीच्या पुस्तकात स्मरण करणे आम्हांस उचित वाटते.

एकोणिसाव्या शतकात गोमंतकातील पुष्कळ तरुण पोटासाठी मुंबईस येत. कोणी आगबोटीवर खलाशी, कोणी स्वयंपाकी, कोणी बँडात वादक. धोबीतलावासारख्या भागांत त्यांच्या गावकऱ्यांनी ‘कूड’ स्थापिले होते. पुढची बोट मिळेपर्यंत खलाशी तेथे थोडक्या भाड्यात राही, आणि सायंकाळी सर्वांनी वेदीपुढे रोझरी म्हणावी असा शिरस्ता असे. गावाकडचे जागर व खेळ हीच काय ती ह्या मंडळींची नाट्यकलेची ओळख.

अशा लोकांपैकीच आसगावचा लुकासिन्यो रिबेरो हा एक. नोकरीच्या शोधात असता त्याने एका इटालियन ऑपेरा मंडळीचा खेळ पाहिला व तो मोहून गेला. पडदा ओढण्याचे काम पत्करून तो त्या मंडळीबरोबर हिंडला, आणि ती हिंदुस्थान सोडू लागली तेव्हा तिचे काही पोशाख त्याने विकत घेतले. मुंबईस परतल्यावर कायतानिन्यो फर्नांडिस व मडगावचे जुआंव आगुस्तिन्यो फर्नांडिस हे त्यास मिळाले. १७ एप्रिल १८९२ रोजी न्यू आल्फ्रेड थिएटरात ‘इटालियन भुरगो’, म्हणजे ‘इटालियन मुलगा’, हा पहिला तियात्र झाला. तो दिवस ईस्टरचा रविवार होता. चाळीस दिवसांचा उपवासकाळ संपला, आणि परमुलखातील श्रमिकांस आपली भाषा रंगभूमीवर ऐकावयास मिळाली.

सांगलीस १८४३ साली विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ केले, तेव्हा त्यांस संस्थानिकांचा आश्रय होता. तियात्रास मात्र तिकीट काढून येणाऱ्या कष्टकऱ्यांवाचून दुसरा आश्रयदाता नव्हता. म्हणूनच त्यात त्यांची दुःखे निर्भयपणे आली. जुआंव आगुस्तिन्यो यांनी ‘भाटकार’ लिहून जमीनदार व त्याच्या जमिनीवर राहणारा मुंडकार यांची गाठ थेट रंगभूमीवर घातली. तोवर स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत. परंतु १९०४ साली त्यांच्या पत्नी रेजिना ह्या स्वतः रंगभूमीवर उभ्या राहिल्या. त्या काळी हे धैर्य लहान नव्हे. पुढे लोकांनी जुआंव यांस ‘पाय तियात्रिस्त’, म्हणजे तियात्राचे जनक, ही पदवी दिली.

प्रवेशांच्या मधून कथेशी संबंध नसलेली ‘कांतारां’ गावयाची, आणि त्यांतून चालू काळावर टीका करावयाची, ही तियात्राची रीत आजही गोमंतकात जिवंत आहे.

पॅरिशच्या अंगणात दोन चादरींचा पडदा बांधून नाटक करणाऱ्या आमच्या तरुणांनी ही हकीकत ध्यानात ठेवावी. धन नसले तरी भाषा, भक्ती व एकी एवढ्या भांडवलावर रंगभूमी उभी राहते. देव त्यांच्या उद्योगास यश देवो.