सत्तावन्न कीटकनाशके आणि खाचरातला कोळी : इंडोनेशिया, १९८६ #थ्रेड

५ नोव्हेंबर १९८६ रोजी इंडोनेशियाचे राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांनी एक आदेश काढला आणि भातपिकावर ५७ कीटकनाशके वापरण्यास बंदी आली. फवारणीवाचून शेती होऊ शकते का, या प्रश्नावर वाद पुष्कळ होतात. जावा बेटावर त्याची प्रत्यक्ष परीक्षा झाली.

सुहार्तो काही निसर्गोपासक नव्हते. १९७० च्या दशकात इंडोनेशिया जगातील मोठ्या तांदूळ आयातदारांपैकी एक होता. अधिक उत्पादन देणारी वाणे, खते, कर्ज आणि कीटकनाशके एकत्रच शेतकऱ्याच्या गळ्यात घालणारी योजना सरकारने राबविली. कीटकनाशकांच्या किमतीचा सुमारे ८० टक्के भार तिजोरी उचलत असे. १९८४ मध्ये देश तांदळाबाबत स्वयंपूर्ण झाला आणि राजवटीची प्रतिष्ठा त्या तांदळाशी जोडली गेली.

दोनच वर्षांत तपकिरी तुडतुडे जावावर उतरले. (पूर्व विदर्भातील धानउत्पादकांना हा कीटक नव्याने सांगावयास नको. तो बुंध्याशी बसून रस शोषतो आणि हिरवे शेत गोल चट्ट्यांनी करपत जाते.)

फवारणी वाढली, तसे तुडतुडेही वाढले. याचे कारण पीटर केनमोर या अमेरिकी कीटकशास्त्रज्ञाने आधीच फिलिपाईन्सच्या खाचरांत शोधले होते. तुडतुड्याची मादी पानाच्या आवरणाच्या आत अंडी घालते. फवारा तेथे पोहोचत नाही. उघड्यावर वावरणारे कोळी आणि तुडतुड्यांची अंडी शोषून खाणारे ढेकूण मात्र मरतात. काही दिवसांनी अंडी फुटतात, तेव्हा पिलांना खाणारे शेतात कोणीच उरलेले नसते. म्हणजे सरकार स्वतःच्या पैशाने तुडतुड्यांचे शत्रू मारत होते.

हे सत्ताधाऱ्यांच्या गळी उतरविण्यात इडा न्योमन ओका यांच्यासारख्या इंडोनेशियन शास्त्रज्ञांचा मोठा वाटा होता. कोळ्यांपेक्षा तिजोरीचा हिशेब अधिक पटला असावा. १९८९ पर्यंत अनुदान पूर्णपणे थांबले. वर्षाला १० कोटी डॉलरहून अधिक रक्कम वाचू लागली. तांदळाचे उत्पादन मात्र घटले नाही, वाढतच गेले.

त्याच वर्षी ‘शेतकरी शेतीशाळा’ सुरू झाल्या. सुमारे पंचवीस शेतकरी हंगामभर आठवड्यातून एक सकाळ खाचरात उतरत, किडी मोजत, दिसले ते कागदावर चितारत आणि मग फवारायचे की नाही हे आपसांत ठरवीत. जाळीखालच्या रोपावर कोळी आणि तुडतुडे एकत्र सोडून कोण कोणाला खातो हे पाहणे, हा त्यांतला आवडता पाठ. १९९० च्या दशकाअखेर सुमारे १० लाख शेतकरी या शाळांतून गेले.

या कथेचा दाखला ‘विषमुक्त शेती’चा विजय म्हणून दिला जातो, तो अर्धवट आहे. बंदी सर्व कीटकनाशकांवर नव्हती. सरसकट सर्व कीटक मारणाऱ्या औषधांवर होती, आणि तीही फक्त भातापुरती. मित्रकिडींना फारसा धक्का न लावणारी काही औषधे चालूच राहिली. शिवाय फवारणी लादणारी आणि थांबविणारी सत्ता एकच होती, हेही विसरता येत नाही.

१९९९ च्या सुमारास शेतीशाळांचा राष्ट्रीय कार्यक्रम संपला. १९९८ मध्ये सुहार्तो पायउतार झालेच होते. बाजारात नवनवी कीटकनाशके आली, फवारणी पुन्हा वाढली आणि २०१० व २०११ मध्ये जावातील भातखाचरे तपकिरी तुडतुड्यांनी पुन्हा करपली.