मुलांचे घड्याळ आणि वर्गातला न दिसणारा श्रोता

नोव्हेंबर २०१७ मध्ये जर्मनीत एक वेगळाच सरकारी आदेश निघाला. लहान मुलांनी मनगटावर बांधायच्या एका विशिष्ट प्रकारच्या घड्याळांच्या विक्रीवर त्याने बंदी घातली. ज्या पालकांनी अशी घड्याळे आधीच विकत घेतली होती, त्यांना ती स्वतःच निकामी करावीत आणि तसे केल्याचा पुरावा जपून ठेवावा, असा सल्ला देण्यात आला. शाळांनाही सूचना होती, की विद्यार्थ्यांच्या हातातील अशा घड्याळांकडे अधिक लक्ष द्या.

हा आदेश पोलिसांनी किंवा शिक्षण खात्याने काढला नव्हता. दूरसंचार, टपाल, वीज यांसारख्या सेवांचे नियमन करणाऱ्या ‘बुंडेसनेट्झआगेंटुर’ या संस्थेने तो काढला होता. संस्थेचे तेव्हाचे अध्यक्ष योखेन होमान यांनी त्या वेळी सांगितलेली एक गोष्ट आपण शिक्षकांनी मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहे. वर्गात शिक्षक काय बोलतात ते ऐकण्यासाठीही पालक या घड्याळांचा उपयोग करतात, असे संस्थेला आढळले होते.

मुलाच्या काळजीपोटी घेतलेली वस्तू बेकायदा ठरण्यापर्यंत गोष्ट कशी गेली? हे समजण्यासाठी आधी ते घड्याळ उघडून पाहायला हवे.

घड्याळात काय असते?

अशा घड्याळात वेळ दाखवणे हे सर्वांत किरकोळ काम असते. आत एक सिमकार्ड, मायक्रोफोन, छोटा स्पीकर आणि जीपीएसचा ग्राहक असतो. म्हणजे हा मनगटावर बांधलेला छोटा मोबाइल फोनच. मूल कोठे आहे हे पालकांना आपल्या फोनवरच्या नकाशात दिसते, मुलाशी बोलता येते आणि संकटात मुलाला एक बटण दाबून घरी कळवता येते.

जीपीएसविषयी एक गैरसमज आपल्या विद्यार्थ्यांमध्येही आढळतो. उपग्रह आपल्याला वरून पाहत असतात, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे हे उपग्रह फक्त आपली जागा आणि अचूक वेळ सांगणारे संदेश प्रसारित करतात. खालचा ग्राहक किमान चार उपग्रहांचे संदेश ऐकतो, ते पोहोचायला लागलेल्या वेळांवरून अंतरे काढतो आणि स्वतःचे स्थान ठरवतो. कोण ऐकत आहे, याचा उपग्रहाला पत्ता नसतो.

सुरुवातीच्या काळात अमेरिकी लष्कर सर्वसामान्यांसाठीच्या संदेशात मुद्दाम चूक मिसळत असे. त्यामुळे स्थान ठरवण्यात १०० मीटरपर्यंत फरक पडू शकत असे. मे २००० मध्ये ही मिसळ बंद झाली आणि मूल कोणत्या चौकात किंवा मैदानात आहे, हे सांगण्याइतकी अचूकता सर्वांना उपलब्ध झाली. पुढे ग्राहक आणि मोबाइलचे भाग लहान व स्वस्त होत गेले आणि ते सारे मुलाच्या मनगटावर मावू लागले.

तेव्हा स्थान कळणे ही घड्याळापुरती गोष्ट आहे. अडचण पुढच्या पायरीवर सुरू होते. घड्याळ ते स्थान थेट आईच्या फोनला सांगत नाही. मोबाइलच्या जाळ्यातून ते आधी कंपनीच्या सर्व्हरकडे, म्हणजे माहिती साठवणाऱ्या मध्यवर्ती संगणकाकडे पाठवते. आईचा फोन त्या संगणकाला विचारतो आणि उत्तर मिळवतो. हा संगणक दुसऱ्या खंडातही असू शकतो. मूल आणि आई यांच्यामध्ये असा एक तिसरा सतत उभा असतो. या घड्याळांचा पुढचा इतिहास हा बहुतांशी त्या तिसऱ्याच्या निष्काळजीपणाचा इतिहास आहे.

नॉर्वेतील तपासणी

ऑक्टोबर २०१७ मध्ये नॉर्वेच्या ग्राहक परिषदेने बाजारातील चार घड्याळांची तपासणी प्रसिद्ध केली. तांत्रिक परीक्षण नेमोनिक या संगणकसुरक्षा क्षेत्रातील कंपनीने केले होते. चारपैकी दोन घड्याळांच्या व्यवस्थेत एखाद्या परक्या माणसाला शिरकाव करता येत होता. मूल आत्ता कोठे आहे, आधी कोठे गेले होते, हे त्याला पाहता येत होते. पालकांच्या नकळत मुलाशी संपर्कही साधता येत होता. एका घड्याळाचा उपयोग आजूबाजूचे बोलणे गुपचूप ऐकण्यासाठी होऊ शकत होता. काही घड्याळे माहिती सांकेतिक रूपात न बदलता, उघड्या पोस्टकार्डासारखी, दूरच्या देशांतील सर्व्हरकडे पाठवत होती.

संकटाचे बटण आणि ठरावीक परिसराबाहेर मूल गेल्यास मिळणारा इशारा, या दोन्हींवर विसंबता येत नाही, असेही दिसून आले. ज्या सुरक्षिततेसाठी पालकांनी पैसे मोजले, तीच नीट मिळत नव्हती.

जुना कायदा, नवी वस्तू

पुढच्याच महिन्यात जर्मनीने बंदी घातली, पण त्यासाठी नवा कायदा करावा लागला नाही. तेथील दूरसंचार कायद्यात एक कलम आधीपासूनच होते. रोजच्या वापरातल्या वस्तूचे रूप घेतलेले आणि गुपचूप ऐकू शकणारे प्रक्षेपण यंत्र विकण्यास किंवा बाळगण्यास त्यात मनाई होती. मूळ रोख हेरगिरीच्या साधनांवर असला, तरी फेब्रुवारी २०१७ मध्ये याच कलमाखाली ‘माय फ्रेंड केला’ या बोलक्या बाहुलीवर बंदी आली होती. ब्लूटूथ असलेला फोन घेऊन जवळपास उभ्या असलेल्या कोणालाही त्या बाहुलीशी जोडणी करता येत असे.

घड्याळांच्या बाबतीत आक्षेप नेमका कशावर होता, हे पाहायला हवे. मूल कोठे आहे हे कळण्यावर ती बंदी नव्हती. पालकाने फोनवरून सूचना दिली, की घड्याळ आवाज न करता ठरलेल्या क्रमांकाला फोन लावते आणि भोवतालचे बोलणे ऐकवते, या सोयीवर ती होती. बोलणाऱ्याला याचा सुगावाही लागत नाही. येथे ऐकणारा परका चोर नसून स्वतः पालक आहे. तरीही कायद्याने ते मान्य केले नाही. कारण घड्याळ आपल्या मुलाचे असले, तरी वर्गातले बोलणे शिक्षकांचे आणि इतर मुलांचेही असते.

न वाचलेले ओळखपत्र

त्यानंतरही अशी प्रकरणे थांबली नाहीत. फेब्रुवारी २०१९ मध्ये आइसलँडच्या इशाऱ्यावरून युरोपीय संघाच्या धोकादायक वस्तूंच्या यादीत ‘सेफ-किड-वन’ हे घड्याळ आले आणि ते ग्राहकांकडून परत मागवण्याचा निर्णय झाला. एरवी या यादीत विजेचा धक्का देणारी उपकरणे किंवा गळ्यात अडकू शकणारे भाग असलेली खेळणी असतात. येथे दोष असा होता, की घड्याळाचा सर्व्हरशी होणारा संवाद उघडा होता आणि परका माणूस घड्याळाला आपल्या पसंतीच्या क्रमांकावर फोन लावायला लावू शकत होता.

सप्टेंबर २०१९ मध्ये अवास्ट या चेक कंपनीच्या संशोधकांनी मुले, वृद्ध आणि पाळीव प्राण्यांचा माग ठेवणाऱ्या सुमारे ६ लाख उपकरणांची हकिकत सांगितली. कारखान्यातूनच त्यांना परवलीचा शब्द दिला होता ‘१२३४५६’. वापरकर्त्याचा क्रमांकही अंदाजाने काढता येण्याजोगा होता.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जर्मनीतील एव्ही-टेस्ट या संस्थेला एका चिनी बनावटीच्या घड्याळाच्या सर्व्हरवर ५,००० हून अधिक मुलांची माहिती उघडी सापडली. तेथे प्रत्येक विचारणेबरोबर ओळखीची खूण पाठवली जात होती, पण सर्व्हर ती तपासतच नव्हता. शाळेच्या फाटकावर शिपायाने प्रत्येकाकडे ओळखपत्र मागावे आणि न वाचताच सर्वांना आत सोडावे, तसा हा प्रकार होता.

या गोष्टींत हुशार चोराचे कसब फारसे दिसत नाही. कुलपे चांगली असती तर ती तोडावी लागली असती. येथे बरीचशी दारे लोटलेलीच होती. घड्याळ स्वस्तात आणि लवकर बाजारात आणायचे, तर सर्व्हरची राखण हा न दिसणारा खर्च सर्वांत आधी वाचवला जातो. पालकाला दुकानात रंग, पट्टा आणि किंमत दिसते. सर्व्हर दिसत नाही.

मुलाचा हक्क

संयुक्त राष्ट्रांनी १९८९ मध्ये स्वीकारलेल्या बालहक्क करारनाम्यातील १६ वे कलम मुलाच्या खासगीपणाला संरक्षण देते. भारताने तो करारनामा १९९२ मध्ये मान्य केला. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी ऑगस्ट २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची खात्रीशीर संमती आवश्यक केली आणि मुलांवर पाळत ठेवण्यास बंधन घातले. मुलांच्या सुरक्षिततेसाठी नियमांत काही सवलतीही आहेत. हे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले असून त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हायची आहे.

कायदा पालकांची संमती मागतो आणि ते योग्यच आहे. पण जर्मनीतल्या वर्गात संमती देणारे पालकच ऐकत होते. तेथे मुलाची बाजू कोणी मांडायची? पालकांची भीती खोटी नसते. शाळेतून परत यायला मुलाला अर्धा तास उशीर झाला, तर जीव कसा खालीवर होतो, हे आपण सर्व जाणतो. परंतु आपले प्रत्येक वाक्य घरी ऐकू जाते आहे, हे ठाऊक असलेले मूल मित्राला मनातली गोष्ट कशी सांगेल? घरात मार बसत असेल, तर ते बाईंना कसे सांगेल? मुलाच्या सुरक्षिततेचा एक भाग हाही आहे, की विश्वासाच्या माणसाशी त्याला निर्धास्तपणे बोलता यावे.

वर्गात हा विषय घ्यायचा असेल, तर साधे चित्र काढायला सांगावे. मध्यभागी घड्याळ घातलेले मूल, मग उपग्रह, मोबाइलचा मनोरा, सर्व्हर आणि आईचा फोन. कोणता बाण कोणत्या दिशेने जातो, माहिती कोठे साठते आणि कोणत्या ठिकाणी परका माणूस शिरू शकेल, हे मुलांना ठरवू द्यावे. उपग्रहाकडून बाण फक्त खाली येतो, वर जात नाही, हे तेथेच स्पष्ट होईल. चित्र पुरे झाले, की त्याच मुलाशेजारी बाकावर बसलेला मित्रही काढायला सांगावा. त्याच्या मनगटावर काहीच नाही, पण त्याचा आवाज कोठपर्यंत पोहोचतो, हे मुलांना विचारून पाहावे.