तळ पाहावा, मगच मोल करावे

चिनीमातीची जुनी फुलदाणी वा बशी हाती आली की बहुतेकांची नजर तिच्या रंगांवर खिळते. जाणकार मात्र ती आधी उलटी करतो. वस्तूचा जन्मदाखला तळावर असतो. अर्थात खोटे दाखलेही निघतात. मुंबई-पुण्यातील जुन्या घरांच्या काचेच्या कपाटांत विलायती व जपानी बनावटीच्या अशा वस्तू आजही आढळतात. घर पुनर्विकासाला गेले की त्या मिळेल त्या भावाने निघतात आणि चोरबाजारात कालपरवाची फुलदाणी 'शंभर वर्षांची' म्हणून खपते.

ब्रिटिश वस्तूंचा काळ ठरविणे तुलनेने सोपे. १८४२ ते १८८३ या काळात नोंदणी झालेल्या नक्षीच्या वस्तूंवर हिऱ्याच्या आकाराची खूण असे. तिच्या कोपऱ्यांतील अक्षरे व अंकांवरून नोंदणीचा दिवस, महिना व वर्ष काढता येते. १८८४ पासून तिची जागा साध्या क्रमांकाने घेतली. १९००च्या आरंभी हा क्रमांक साडेतीन लाखांच्या पुढे गेला होता. ही तारीख नक्षीच्या नोंदणीची, वस्तूच्या घडणीची नव्हे, हे विक्रेते सोयीस्करपणे विसरतात.

अमेरिकेने १८९० मध्ये केलेल्या जकात कायद्यामुळे आयात मालावर देशाचे नाव घालणे बंधनकारक झाले. त्यामुळे नुसते 'इंग्लंड' लिहिलेली वस्तू साधारणतः १८९१ नंतरची, तर 'मेड इन इंग्लंड' लिहिलेली बहुधा विसाव्या शतकातील समजावी. जपानी मालावर याच कारणाने 'निप्पॉन' येऊ लागले. १९२१ मध्ये अमेरिकेने तो शब्द नाकारल्यावर 'जपान' आले. 'मेड इन ऑक्युपाइड जपान' ही अक्षरे दुसऱ्या महायुद्धानंतरच्या, १९५२ पर्यंतच्या काळातली.

खुणेवर विसंबणाऱ्याची फसगत मात्र ठरलेली. जर्मनीतील माइसेनच्या निळ्या तलवारींची नक्कल युरोपभर झाली. चीनमध्ये तर एकोणिसाव्या शतकातील भांड्यांवरही कांग्शी या सतराव्या शतकातील सम्राटाची मोहर सर्रास आढळते. त्यामागे नेहमी लबाडीच होती असे नाही. पूर्वसुरींविषयीचा आदरही होता. म्हणून मोहरेची साक्ष इतर पुराव्यांशी जुळते का, हे पाहावे. तळाची कडा वर्षानुवर्षांच्या वापराने थोडीफार झिजलेली असते; सर्वत्र सारखी घासलेली कडा संशयास्पद. भिंगातून छापील ठिपक्यांची एकसारखी जाळी दिसली, तर हाताने रंगविल्याचा दावा निकालात निघतो. टिचकी मारल्यावर बद्द आवाज आला तर तडा असू शकतो.

किमतीचे म्हणाल तर वयापेक्षा अवस्था मोठी. केसाएवढा तडा, झाकण हरवलेले वा जोडीतील एकच नग उरलेला असेल तर मोल झपाट्याने उतरते. विक्रेता सांगतो ती किंमत नव्हे, अपेक्षा. तशाच वस्तूला लिलावात प्रत्यक्ष काय मिळाले, तोच खरा आधार. 'शंभर वर्षे जुनी' म्हणून महाग, हा हिशेब तर मुळातच चुकीचा, कारण कारखान्यांनी हजारोंनी काढलेला माल आजही मुबलक आहे.

याउलट आपल्याच शहरातली एक दुर्मीळ गोष्ट ओळखीअभावी मागे पडते. जॉर्ज टेरी यांच्या पुढाकाराने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत मृत्पात्रे घडू लागली. झिलई दिलेल्या या पात्रांपैकी काहींवर अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतील आकृत्या आहेत. पोर्सलिनची नजाकत नसल्याने अनभिज्ञ माणूस ती साधी मडकी समजेल, पण तळावर कोरलेले 'बॉम्बे स्कूल ऑफ आर्ट' हे शब्द दिसले तर घाई करू नये. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात ही पात्रे पाहता येतात.

परदेशी स्थायिक झालेल्या मुलांकडे आजीची फुलदाणी धाडण्यापूर्वी १९७२चा पुरावस्तू कायदा ध्यानात घ्यावा. शंभर वा अधिक वर्षे जुनी कलावस्तू, मग ती विलायती का असेना, खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. वयाविषयी शंका असल्यास वस्तू पुरावस्तू नसल्याचा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून आधी घ्यावा लागतो.