फ्रान्सची सायकल-प्रदक्षिणा

प्रदक्षिणा म्हटली कीं आपणांस देवालय आठवतें. फ्रान्स देशांत मात्र उन्हाळ्यांत सायकलस्वारांची एक प्रदक्षिणा निघते. ‘टूर द फ्रान्स’ हें तिचें नांव. ती काढली कोणीं आणि मोठी केली कोणीं, या दोन प्रश्नांचीं उत्तरें एक नाहींत. आज त्यांचाच विचार करूं.

ड्रेफस या ज्यू लष्करी अधिकाऱ्यास देशद्रोहाच्या खोट्या आरोपावरून शिक्षा झाली, तेव्हां सारा फ्रान्स दुभंगला. पॅरिसमधील ‘ल व्हेलो’ हें हिरव्या कागदावर छापलें जाणारें क्रीडापत्र ड्रेफसचा पक्ष घेई. मोटारींचे कारखानदार काउंट द दिऑं हे विरुद्ध पक्षाचे. त्यांनीं व इतर धनिकांनीं १९०० सालीं पिवळ्या कागदावर दुसरें पत्र काढलें. तेंच पुढें ‘लोटो’ या नांवानें प्रसिद्ध झालें. संपादक होते आंरी देग्रांज. पत्राचा खप मात्र मनाजोगा वाढेना. तेव्हां १९०२ च्या नोव्हेंबरांत जेओ लफेव्र या तरुण सहकाऱ्यानें सुचविलें कीं, अनेक टप्प्यांची, साऱ्या देशाला वळसा घालणारी शर्यत भरवावी.

१ जुलै १९०३ रोजीं पॅरिसजवळून ६० स्वार निघाले. मार्ग सुमारें २,४०० किलोमीटरांचा आणि टप्पे अवघे सहा. पहिलाच टप्पा पॅरिस ते लिऑं ४६७ किलोमीटरांचा! रात्रीच्या काळोखांतहि चाकें फिरत होतीं. अखेरपर्यंत २१ जण टिकले. पहिला आला मोरीस गारँ. इटलींत जन्मलेला आणि लहानपणीं धुराडीं साफ करून पोट भरणारा. पुढच्याच वर्षीं ‘ल व्हेलो’ बंद पडलें. संपादकांचा हेतु सफल झाला. परंतु शर्यतीचें खरें चरित्र येथून पुढें सुरू होतें.

देग्रांज यांची श्रद्धा अशी कीं, ही एकट्या माणसाच्या बळाची कसोटी असावी. स्वारास कोणीहि साहाय्य करूं नये. १९१० सालीं पिरेनीज पर्वतांतील उंच घाट मार्गांत आले आणि कसोटी अधिकच कठोर झाली. १९१३ सालीं तुर्माले घाट उतरतांना यूजेन क्रिस्तोफ याच्या सायकलीच्या पुढच्या चाकाचा चिमटा मोडला. विजयाची आशा हातांत असतां तो सायकल खांद्यावर टाकून दहा किलोमीटरांहून अधिक चालला आणि सेंत-मारी द कांपां या गांवीं लोहाराच्या भट्टीपाशीं पोंचला. कुलपें घडविण्याचें काम त्यानें तरुणपणीं केलें होतें. अधिकारी शेजारीं उभे राहून पहात होते. त्यानें तीन तास राबून चिमटा स्वतः सांधला. एका लहान मुलानें भाता मात्र चालविला. तेवढ्यासाठीं पंचांनीं त्यास वेळेचा दंड ठोठावला!

१९१९ सालीं आघाडीच्या स्वारास पिवळी जर्सी देण्याची प्रथा पडली. रंग पत्राच्या कागदाचाच. ती प्रथम क्रिस्तोफच्या अंगावर चढली. आणि शर्यत संपण्यास दोनच टप्पे उरले असतां त्याचा चिमटा पुन्हां मोडला. विजय हुकला. तेव्हां वाचकांनीं त्याच्यासाठीं वर्गणी पाठविली. नियम एकीकडे आणि लोकांचें न्यायमन दुसरीकडे, हें त्या दिवशीं उघड झालें.

१९२४ सालीं स्वारांनींच तोंड उघडलें. आदल्या वर्षींचा विजेता आंरी पेलिसिए याची पहांटेच्या थंडीसाठीं घातलेली जादा जर्सी हा वादाचा विषय झाला. निघतांना जें अंगावर, तेंच शेवटीं असावें, असा नियम होता. पेलिसिए, त्याचा भाऊ व एक सहकारी यांनीं शर्यत सोडली आणि वार्ताहर आल्बेर लोंद्र यांस एका कॉफीगृहांत आपल्या पिशव्या उघडून दाखविल्या. वेदना सोसण्यासाठीं घ्यावीं लागणारीं कोकेन, क्लोरोफॉर्म यांसारखीं द्रव्यें त्यांत होतीं. ती हकीकत छापून येतांच कौतुकामागचें दुःख सर्वांस कळलें.

कालांतरानें नियम सैल झाले. आज स्वारांच्या मागून सुट्या सायकली घेतलेल्या मोटारी धांवतात. गालिबिए घाटांत देग्रांज यांचें स्मारक उभें आहे आणि सेंत-मारी द कांपां येथें क्रिस्तोफचें. एकानें शर्यत काढली, हें इतिहास विसरणार नाहीं. पण ती लोकांची झाली ती दुसऱ्याच्या घामानें. स्पर्धा कितीहि कठोर असो, भाता चालविणाऱ्या मुलाच्या हातांत जिला गुन्हा दिसतो, ती न्यायबुद्धि कोठें तरी चुकते, एवढें या हकीकतींतून घ्यावें.