कुंथलगिरीची यात्रा, 36 दिवस आणि एक कुलूप

मार्गशीर्ष आला की भूम-बार्शी भागात कुंथलगिरीच्या यात्रेची चर्चा सुरू होते. सोलापूर, लातूर, सांगली, कोल्हापूरकडचे श्रावक येतात, डोंगर चढतात, अभिषेक करतात आणि जाताना पेढे घेऊन जातात. आपल्यातल्या बऱ्याच जणांना कुंथलगिरी माहितीये ती पेढ्यामुळंच. इथल्या खव्याला 2024 ला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा सगळ्यांनी स्टेटस ठेवले. चांगलंच आहे. पण या डोंगराचा इतिहास खव्याच्या भट्टीपेक्षा बराच जुना आहे, आणि त्यातला एक भाग यात्रेत फारसा कुणी सांगत नाही. म्हणून आज जरा लांबलचक लिहितोय.

जुनी कथा आधी. देशभूषण आणि कुलभूषण हे दोघे राजपुत्र भाऊ मुनी झाले. वंशगिरी डोंगरावर ध्यानाला बसले असताना त्यांना मोठा उपसर्ग झाला. वनवासात फिरणाऱ्या राम-लक्ष्मणांनी तो दूर केला आणि दोघा मुनींना केवलज्ञान झालं. सातव्या शतकातल्या रविषेणाचार्यांच्या पद्मपुराणात ही कथा आहे. म्हणजे आपल्या ओळखीचे राम-लक्ष्मण जैन परंपरेत मुनींचे रक्षक म्हणून येतात. तो वंशगिरी म्हणजे हाच डोंगर, अशी श्रद्धा. म्हणून हे सिद्धक्षेत्र.

आता अलीकडचं. आज यात्रेकरू ज्या ओढीनं येतात, त्यात मोठा वाटा 1955 चा आहे. आचार्य शांतिसागर महाराज, मूळचे बेळगाव जिल्ह्यातल्या भोजचे. 1920 ला मुनिदीक्षा, 1924 ला सांगलीजवळच्या समडोळीत आचार्यपद. दिगंबर मुनींची परंपरा जवळजवळ विरळ झाली होती, ती या माणसानं पायी फिरून देशभर पुन्हा उभी केली. वयाच्या 83 व्या वर्षी दृष्टी अधू झाली. पायाखालचा जीव दिसत नाही, ओंजळीतलं अन्न पारखता येत नाही, मग अहिंसेचं व्रत पाळायचं कसं? त्यांनी सल्लेखना घेतली, आणि जागा निवडली कुंथलगिरी.

14 ऑगस्ट ते 18 सप्टेंबर 1955. 36 दिवस. भर पावसाळा. तेव्हा हा भाग हैदराबाद राज्यात होता, बार्शी मुंबई राज्यात. म्हणजे बार्शीकडून येणारा माणूस राज्याची हद्द ओलांडून येत होता! बार्शी लाइटच्या छोट्या गाडीनं बार्शी नाहीतर येडशी गाठायची आणि पुढं मिळेल ते वाहन, नसेल तर पाय. तरी हजारो लोक आले. 8 सप्टेंबरला, सल्लेखनेच्या 26 व्या दिवशी, महाराज 22 मिनिटं बोलले आणि ते ध्वनिमुद्रित झालं. ते बोलणं मराठीत आहे. देशभरातले जैन ज्यांना चारित्रचक्रवर्ती म्हणतात, त्यांचा शेवटचा उपदेश आपल्या भाषेत, आपल्या तालुक्यात झालेला आहे. भूमच्या किती शाळांत हे सांगितलं जातं? मला तरी एकही माहीत नाही.

इथपर्यंतचं यात्रेत सांगतात. आता पुढचं.

1 मे 1947 ला साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण सुरू केलं, विठ्ठलाचं दार अस्पृश्यांना उघडावं म्हणून. 10 मे ला ते सुटलं, दार उघडलं. त्याच वर्षी मुंबई सरकारनं हरिजन मंदिरप्रवेशाचा कायदा केला. या कायद्याच्या कक्षेत जैन मंदिरंही आली. इथं शांतिसागर महाराजांनी हरकत घेतली. जैन धर्म स्वतंत्र आहे, त्याची मंदिरं हिंदूंच्या कायद्यात ओढू नका, असं त्यांचं म्हणणं. 1948 च्या ऑगस्टपासून त्यांनी अन्नधान्य सोडलं. तीन वर्षांहून जास्त काळ धान्याचा कण घेतला नाही. सोलापूर जिल्ह्यातच अकलूजच्या जैन मंदिराच्या कुलुपावरून वाद पेटला आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. 1951 ला मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्या खंडपीठानं निकाल दिला. कायद्याचा हेतू हरिजनांना इतर हिंदूंच्या बरोबरीला आणण्याचा आहे. जिथं इतर हिंदूंनाच हक्कानं प्रवेश नाही, तिथं या कायद्यानं हरिजनांना तो मिळत नाही, असा त्याचा मथितार्थ. त्यानंतर महाराजांनी धान्य घेतलं.

म्हणजे बघा, वर्ष-सव्वा वर्षाच्या अंतरानं, मंदिराच्या दारावरून दोन माणसांनी अन्न सोडलं. एकानं दार उघडावं म्हणून, दुसऱ्यानं सरकारनं ते उघडू नये म्हणून. दोघांच्याही त्यागाबद्दल शंका घ्यायला जागा नाही.

काही जण म्हणतील, हे कशाला उकरून काढता, यात्रेच्या तोंडावर? मला वाटतं, धर्माची ओळख जपण्याचा प्रश्न खरा होता. अल्पसंख्य समाजाला आपण मोठ्या समाजात विरघळून जाऊ ही भीती वाटणं समजू शकतं. पण कुलुपाबाहेर उभ्या असलेल्या माणसाचा प्रश्नही तितकाच खरा होता, आणि त्याचं नावसुद्धा या गोष्टीत कुणी घेत नाही. चरित्रांत निकाल येतो 'विजय' म्हणून. अकलूजच्या दारातून परत गेलेल्यांना तो काय वाटला असेल?

आणि गोष्ट 1951 ला संपलीही नाही. 1956 ला, महाराजांच्या समाधीनंतर वर्षभरात, मुंबई राज्यानं नवा मंदिरप्रवेश कायदा केला. त्यात हिंदूंबरोबर जैन, शीख, बौद्ध यांची सार्वजनिक प्रार्थनास्थळंही स्पष्ट शब्दांत घेतली. त्याच वर्षी 1 नोव्हेंबरला मराठवाडा, म्हणजे आपलं भूमही, मुंबई राज्यात आलं.

सल्लेखनेचा विषयही पुन्हा कोर्टात गेलाच. ऑगस्ट 2015 ला राजस्थान उच्च न्यायालयानं ती बेकायदा ठरवली आणि त्याच महिनाअखेर सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली.

यंदा यात्रेला जाणार असाल तर समाधीस्थळी थोडं थांबा, घाईत पेढ्याकडं पळू नका. आणि एक विनंती. 1955 ला दहा-बारा वर्षांचे असलेले लोक आता ऐंशीच्या पुढं आहेत. पारगाव, वाशी, भूम, चौसाळा भागात कुणाच्या घरी असे आजी-आजोबा असतील, ज्यांनी ते 36 दिवस पाहिले, गाडी जुंपली, पाणी वाहिलं, जैन असोत वा नसोत, तर मला मेसेज करा. मोबाइलवर आवाज टिपून ठेवू. अकलूजकडच्या मित्रांनो, तुमच्याकडं दाराबाहेरच्या बाजूची आठवण सांगणारं कुणी असेल तर तेही कळवा.