शेवटचे आठ तास

मायामीतील डॉक्टरांनी १९९० साली ६४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सगळ्यांचं हृदय रुग्णालयातच बंद पडलं होतं. त्यातल्या ५४ जणांची प्रकृती आधीच्या आठ तासांत बिघडत असल्याचं किंवा त्यांना नवी तक्रार सुरू झाल्याचं केसपेपरवर लिहिलेलं होतं. खालचा न्यूमोनियाचा रुग्ण आणि त्याचा वॉर्ड कल्पित आहेत.

रात्री १०.०० : श्वास मिनिटाला १८. छातीवरच्या पट्ट्यांमधून अतिसूक्ष्म वीज जाते. छाती फुगली की अडथळा वाढतो, त्यावरून मॉनिटर श्वासाची लाट काढतो. ऑटोएन्कोडर नावाच्या प्रणालीनं याच रुग्णाच्या शांत लाटा शिकून घेतल्या आहेत. प्रत्येक नवी लाट ती स्वतः काढून पाहते. जितकी चुकते, तितका श्वास वेगळा.

१२.०० : २१. गजर ३० वर लावलेला, त्यामुळे सगळं शांत.

२.०० : २४, लाटा उथळ. ऑक्सिजन मात्र ९६ टक्के, कारण नळी लावलेली आहे आणि शरीर जोर लावून भरपाई करतंय. हाच आकडा सगळ्यांना फसवतो. प्रणालीची चूक अर्धा तास वाढतेच आहे. खोकला, कूस बदलणं, बोलणं यांनीही ती वाढते, पण लगेच उतरते. प्रत्येक वेळी गजर वाजला तर सिस्टर तो बंदच करतील आणि त्यांचं बरोबरच असेल. ही वाढ उतरत नाही. पडद्यावर इशारा येतो. तीस खाटांना सिस्टर एक, आणि इशारा आल्यावर कुणी धावायचं हे ठरलेलंच नाही. असं यंत्र बसवणं मला अर्धवट काम वाटतं.

४.०० : २९. मायामीच्या रुग्णांची शेवटची सरासरी एवढीच होती. रुग्ण बरळतोय, नळी ओढतोय. तक्त्यात २०, घाईत न मोजता लिहिलेला हा आकडा जगभरच्या तक्त्यांत सापडतो.

५.३० : १२. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात छातीचे स्नायू थकलेत. ठराविक मर्यादेवर चालणारा गजर इथंही गप्प राहतो; ऑटोएन्कोडरची चूक मात्र रात्रभरातली सर्वांत मोठी, कारण या रुग्णाचा शांत श्वास असा नव्हताच.

६.०० : हृदय बंद. छातीवर दाब देणं सुरू.

मायामीच्या त्या रुग्णांपैकी घरी परतले ८ टक्के.